जाळे राखणारी विद्या

माळव्यात स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांचा इतिहास चाळला, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. शिंदे, होळकर आणि पवार यांच्या मागोमाग जी मंडळी इकडे आली, त्यांत तलवार चालवणारे तर होतेच; पण त्यांच्यामागे दप्तर सांभाळणारे, हिशेब राखणारे आणि निरोप वेळेवर पोहोचवणारे यांचीही मोठी रांग होती. पुढे १८८५ साली ग्वाल्हेर संस्थानाने इंग्रज सरकारशी टपालाचा करार केला आणि 'ग्वाल्हेर' अशी अक्षरे उमटवलेली तिकिटे संस्थानात चालू लागली. आगगाडी आली, तारायंत्र आले, टेलिफोन आला. उज्जैन, इंदूर, देवास, धार या गावांतल्या कितीतरी मराठी घरांत एखादे आजोबा टपालात, एखादे काका तारखात्यात आणि एखादे मामा रेल्वेत होते. माणसाला माणसाशी जोडणाऱ्या या खात्यांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांची चूल पेटती ठेवली.

२०१३ च्या जुलै महिन्यात आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. तारखाते गेले, परंतु निरोप वाहून नेण्याचे काम काही संपले नाही. त्याने केवळ रूप पालटले. आज ते काम ज्या विद्येच्या आधारावर चालते, तिला कॉम्प्युटर नेटवर्किंग असे म्हणतात. संगणकांना परस्परांशी जोडणारी जाळी उभारणे, ती चालती ठेवणे आणि बिघडली तर दुरुस्त करणे, हा त्या विद्येचा विषय. आपल्या मुलामुलींनी या क्षेत्रात पाऊल टाकावे काय, आणि टाकायचे तर ते कसे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा विचार आवश्यक वाटण्याचे कारण असे. लग्नकार्यात चार मंडळी जमली की मुलांच्या नोकऱ्यांची चौकशी होतेच. 'मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे' असे म्हटले की ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो. 'नेटवर्किंगमध्ये आहे' असे म्हटले की क्षणभर थांबून प्रश्न येतो, 'म्हणजे वायरी ओढतो का?' या एका प्रश्नात आपले अज्ञान आहे आणि हाताने काम करणाऱ्याविषयीचा जुना तुच्छभावही आहे. त्या तुच्छभावापायी पुष्कळ चांगली मुले आपल्या आवडीचे, हाताशी असलेले काम सोडतात आणि पदवी घेऊन वर्षानुवर्षे स्पर्धापरीक्षांच्या रांगेत उभी राहतात. तिशी आली तरी घरातील वडीलधारे 'बघू, या वर्षी निघेल जागा' असेच म्हणत असतात. शिक्षकाच्या नात्याने अशी घरे मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

पाकिटाचा प्रवास

प्रथम या विद्येचे स्वरूप पाहू. आपण मुंबईच्या नातेवाइकाला पत्र टाकतो तेव्हा काय घडते? मजकूर लिहिणारा वेगळा, पाकिटावरचा पत्ता वाचून छाननी करणारा वेगळा, थैली गाडीत चढवणारा वेगळा आणि दारात येऊन पत्र देणारा वेगळा. पत्रात आनंदाची वार्ता आहे की दुःखाची, याच्याशी थैली वाहणाऱ्याला कर्तव्य नसते. आणि थैली कोणत्या गाडीने गेली, याची लिहिणाऱ्याला फिकीर नसते. प्रत्येकाने आपापले काम चोख केले की पत्र पोहोचते.

संगणकांच्या जाळ्यात हेच घडते. मोठा मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. त्या तुकड्याला 'पॅकेट' म्हणतात, म्हणजे आपले पाकीटच! प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. एकाच इमारतीतल्या यंत्रांना जोडणारी पेटी म्हणजे 'स्विच', आणि एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाणारी वाट दाखवणारे यंत्र म्हणजे 'राउटर'. एखादे पाकीट वाटेत हरवले तर ते पुन्हा मागवून घ्यावयाचे, आणि मागेपुढे आलेली पाकिटे क्रमाने लावावयाची, याचेही नियम ठरलेले आहेत. त्या नियमांची पहिली आखणी व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केली आणि १ जानेवारी १९८३ पासून तिकडील 'अर्पानेट' हे जाळे त्या नियमांवर चालू लागले. आजचे सारे इंटरनेट त्याच पायावर उभे आहे.

पत्त्यांचा हिशेब मात्र आपल्या टपालाहून कडक आहे. जुन्या पद्धतीचा पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा असतो; त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. जगाची भूक त्याने भागेना, म्हणून एकशे अठ्ठावीस अंकांची नवी पद्धत आली. ज्या विद्यार्थ्याला द्विमान अंकगणित, म्हणजे केवळ शून्य आणि एक यांचे गणित, मनापासून समजले, त्याने या विद्येचा पहिला उंबरठा ओलांडला असे समजावे. त्यासाठी फार मोठ्या गणिताची गरज नाही. दहावीच्या गणिताची नीट बैठक असली तरी पुरते.

आपल्या देशात आणि आपल्या दाराशी

ही विद्या आपल्याकडे आली, ती प्रथम संशोधनसंस्थांतून. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' नावाचा प्रकल्प हाती घेतला. पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांचा त्यात सहभाग होता. भारताची ओळख असलेले 'डॉट इन' हे नाव १९८९ साली नोंदले गेले आणि त्याचा कारभार पुढे अनेक वर्षे याच मुंबईच्या केंद्राकडे राहिला. सामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

याच सुमारास पुण्यात दुसरे एक मोठे काम चालू होते. १९८८ साली स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेची धुरा अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली आणि १९९१ साली तेथे 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. एकच प्रचंड मेंदू घडवण्याऐवजी अनेक लहान प्रक्रियक परस्परांशी जोडून त्यांच्याकडून एकजुटीने काम करून घ्यावयाचे, अशी त्याची रचना होती. म्हणजे महासंगणकाच्या पोटातही एक जाळेच होते. जोडणीचे शास्त्र किती मूलभूत आहे, हे यावरून लक्षात यावे.

परंतु आपल्या माळव्यातील वाचकांनी मुद्दाम आठवावा असा प्रयोग घडला तो पवारांच्या धार जिल्ह्यात. जानेवारी २००० मध्ये तेथे 'ज्ञानदूत' योजना सुरू झाली. जिल्हा पंचायतीत मुख्य संगणक आणि गावोगावी त्याला टेलिफोनच्या तारेने जोडलेली 'सूचनालये', अशी तिची मांडणी होती. सूचनालय चालवणारा त्याच भागातला शिकलेला तरुण असे. त्याला 'सूचक' म्हणत. मंडीतले धान्याचे भाव, जमिनीच्या नोंदींच्या नकला, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, तक्रारींचे अर्ज ही कामे तेथे अल्प शुल्कात होत. ज्या कामासाठी शेतकऱ्याला एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडवून धारला खेटे घालावे लागत, ते गावाजवळच्या सूचनालयात होऊ लागले. त्याच वर्षी स्वीडनमधील स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार या योजनेला मिळाला. आदिवासीबहुल जिल्ह्याचे नाव जगाच्या पाठीवर पोहोचले!

पण या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. खेड्यात वीज तासन् तास जाई. टेलिफोनच्या तारा जुन्या, जोडणी मध्येच तुटे. शेतकरी रांगेत उभा, सूचक यंत्रासमोर बसलेला आणि पलीकडून उत्तर नाही, असे प्रसंग वारंवार येत. कल्पना उत्तम होती, माणसे उत्साही होती, संगणकही होते. उणीव होती ती अखंड चालणाऱ्या जोडणीची. ज्या दिवशी जोडणी नाही, त्या दिवशी सूचनालय म्हणजे टेबलावर ठेवलेला एक मुका डबा. जाळे एकदा उभारून भागत नाही, ते रोज राखावे लागते, आणि राखणारा जाणता माणूस जवळपास असावा लागतो, हा धारचा धडा आहे. नेटवर्किंगच्या साऱ्या व्यवसायाचे सार मला त्यातच दिसते. पोट भरते ते या राखणीवर.

बिघाड शोधणे हेच खरे काम

राखणे म्हणजे नेमके काय, हे आमच्या शाळेतल्या एका प्रसंगावरून सांगतो. आता प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचे अर्ज ही सारी कामे संगणकावरूनच होतात. एके वर्षी अर्जाची मुदत संपण्याच्या आदल्या दुपारी आमच्या संगणककक्षातील सर्व यंत्रे एकाएकी थिजली. सेहेचाळीस मुलांचे अर्ज बाकी. बोलावलेल्या एका कारागिराने सर्व यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली, डोके खाजवले आणि नवे उपकरण घ्यावे लागेल असे सांगून किमतीचा कागद पुढे केला. मुलांच्या चेहऱ्यावरचे रंग उडाले होते.

सुदैवाने आमची एक जुनी विद्यार्थिनी त्या दिवशी गावात होती. पॉलिटेक्निकमधून पदविका घेऊन ती इंदूरला नेटवर्कच्या कामावर होती आणि सुट्टीसाठी घरी आली होती. तिने यंत्राला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले. बिघाड केव्हापासून आहे? एका यंत्राचा की सर्वांचा? आणि त्याआधी येथे काय बदलले? शेवटच्या प्रश्नावर शिपाई म्हणाला, 'सकाळी खोली झाडली, एक वायर लोंबत होती ती नीट खोचली.' ती थेट स्विचजवळ गेली. त्यावरचे सारे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत होते. एका तारेची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचली गेली होती. तिने एक टोक उपसले आणि मिनिटाभरात यंत्रे चालू झाली. नवे उपकरण नको, खर्च नको. त्या संध्याकाळी सेहेचाळीस अर्ज गेले.

नंतर तिने मुलांना कारण समजावून दिले. काही संदेश 'सर्वांस कळावे' अशा स्वरूपाचे असतात. स्विच ते सर्व दारांतून बाहेर पाठवतो. तारेचे वर्तुळ झाले की तोच संदेश फिरून परत येतो, पुन्हा सर्वांकडे जातो, पुन्हा परत येतो. क्षणार्धात अशा प्रतिध्वनींचा पूर येतो आणि खऱ्या कामाला वाट उरत नाही. या वर्तुळांवर उपाय शोधला तो रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने, १९८५ साली. तिने आखलेल्या नियमांमुळे स्विच आपसांत विचारविनिमय करून जादा वाटा स्वतःहून मिटून घेतात. मोठ्या जाळ्यांत ती सोय असते. आमच्या स्वस्त पेटीत ती नव्हती.

या प्रसंगात या व्यवसायाचे मर्म आहे. पहिला कारागीर अडाणी होता असे नव्हे. त्याच्याजवळ पद्धत नव्हती. त्या मुलीजवळ पद्धत होती. तार धड आहे काय, तारेपलीकडचे यंत्र ओळख देते काय, पत्ता बरोबर आहे काय, वाट सापडते काय आणि शेवटी वरचा कार्यक्रम बोलतो काय, अशा पायऱ्या चढत जाऊन बिघाड एका पायरीवर गाठावयाचा. या पायऱ्यांना शास्त्रात 'स्तर' म्हणतात आणि पुस्तकांतून सात स्तरांची एक प्रसिद्ध मांडणी शिकवली जाते. पुष्कळ विद्यार्थी सात नावे पाठ करतात आणि प्रत्यक्ष बिघाड समोर आला की सातही विसरतात! नावे विसरली तरी चालतील, पायऱ्या विसरता कामा नयेत.

यात घड्याळाचेही महत्त्व आहे. प्रत्येक यंत्र आपल्या घडामोडींची वेळेसह नोंद ठेवते. दहा यंत्रांची घड्याळे दहा तऱ्हेची असतील, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हे ठरवता येत नाही. म्हणून सर्व यंत्रांची घड्याळे जुळवून ठेवण्याचा स्वतंत्र नियम आहे. ज्या नगरीच्या रेखावृत्ताला प्राचीन ज्योतिर्विदांनी मूळ मानले आणि जेथे सवाई जयसिंहांची वेधशाळा आजही उभी आहे, त्या उज्जयिनीच्या मुलांना एका प्रमाणवेळेची महती वेगळी सांगावयास नको.

प्रवेशाच्या वाटा

आता प्रत्यक्ष मार्ग पाहू. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक-यंत्रसामग्री आणि नेटवर्कची देखभाल शिकवणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो ज्या संस्थेत असेल तेथे चौकशी करावी. पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका हा दुसरा मार्ग. बारावीनंतर अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राची पदवी हा तिसरा. उज्जैनमध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६६ पासून आणि विक्रम विद्यापीठ या नावाने सुरू झालेले विद्यापीठ १९५७ पासून आहे. पूर्वी 'डोएक' आणि आता 'नाइलिट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या 'ओ', 'ए' अशा पायऱ्यांच्या परीक्षा नोकरी करतानाही देता येतात. पदवीनंतर पुण्याच्या सी-डॅकचा संगणक-व्यवस्था आणि सुरक्षिततेवरील सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. त्यास प्रवेशपरीक्षा असते.

या सर्वांच्या जोडीला कंपन्यांची प्रमाणपत्रे येतात. त्यांत सर्वाधिक परिचित ते सिस्को या अमेरिकन कंपनीचे 'सीसीएनए'. १९८४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका दांपत्याने ही कंपनी काढली आणि १९९८ पासून हे प्रमाणपत्र दिले जाते. २०२० साली या परीक्षेची नवी आखणी झाली, तेव्हा गुणांची वाटणी अशी करण्यात आली: नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, यंत्रे जाळ्यास जोडणे २०, एका जाळ्यातून दुसऱ्यात जाणारी वाट २५, सहायक सेवा १०, सुरक्षितता १५ आणि स्वयंचलन १०. सर्वांत मोठा वाटा वाटेच्या ज्ञानाचा आहे, हे विद्यार्थ्यांनी पाहून ठेवावे. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. नंतर ते नवे करावे लागते. या व्यवसायात एकदा शिकून जन्मभर पुरत नाही, याची ही कागदोपत्री कबुलीच आहे.

शुल्क डॉलरमध्ये असते आणि मध्यमवर्गीय घरास ते जड वाटते. म्हणून माझा सल्ला असा की, परीक्षेचे पैसे भरण्यापूर्वी निदान सहा महिने घरी सराव करावा. त्यास फार खर्च नाही. जुने दोन संगणक, वापरलेला एक स्विच, थोडी तार आणि तारेच्या टोकाला जोड बसवण्याचा चिमटा, एवढ्यावर प्रयोगशाळा उभी राहते. तांब्याची तार साधारण शंभर मीटरपलीकडे भरवशाची नसते, असे नियम पुस्तकात वाचण्यापेक्षा हाताने अनुभवले की पक्के होतात. पडद्यावरच खोटी जाळी उभारून सराव करता येईल असा 'पॅकेट ट्रेसर' नावाचा कार्यक्रम सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीत नाव नोंदवले की विनामूल्य मिळतो. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने 'एनपीटेल' आणि 'स्वयम्' यांवर विनामूल्य ऐकता येतात.

भाषेचा प्रश्न पालक नेहमी विचारतात. आपली मुले घरी मराठी, शाळेत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन तीरांवर वावरतात. या विषयाचे इंग्रजी सोपे आहे. शब्द तेच ते येतात. शिकलेले मात्र आपल्या भाषेत वहीत उतरवावे. जे स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाही, ते समजलेले नसते. शिवाय नेटवर्कच्या कामात लेखनाला मोठे मोल आहे. आज कोणती तार कोठे जोडली, कोणता नियम का बदलला, याची नोंद जो ठेवतो, त्याच्यामागून येणारा माणूस त्याला दुवा देतो. जो ठेवत नाही, त्याचे जाळे त्याच्याशिवाय कोणालाच उलगडत नाही. आपल्या पूर्वजांनी दप्तरे सांभाळली ती याच समजुतीने.

सावधानतेचे चार शब्द

या क्षेत्राच्या आजूबाजूला दुकानदारीही पुष्कळ आहे. 'शंभर टक्के नोकरीची हमी' अशी पाटी लावून मोठे शुल्क एकरकमी घेणारे वर्ग गावोगावी निघतात. पालकांनी तेथे जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. प्रत्यक्ष यंत्रे किती आहेत? एका विद्यार्थ्याला आठवड्यातून किती तास हात लावावयास मिळतात? आणि शिकवणारा स्वतः कोठे काम करीत होता? उत्तरे गुळमुळीत मिळाली तर पैसे घरी परत आणावेत.

दुसरा धोका म्हणजे परीक्षेचे चोरलेले प्रश्नसंच पाठ करून प्रमाणपत्र मिळवणे. असे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते. मुलाखतीत मात्र समोर नादुरुस्त जाळे ठेवून 'दुरुस्त करा' असे म्हटले की पाठांतर कामास येत नाही. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

तिसरी गोष्ट कामाच्या वेळांची. जाळे रात्रीही चालते, म्हणून राखणाऱ्यांना पाळ्या असतात. दुरुस्तीसाठी जाळे थोडा वेळ बंद ठेवावयाचे झाले तर ते मध्यरात्रीनंतर, कारण तेव्हा कोणाची गैरसोय नसते. सणाच्या दिवशी मुलगा घरी नसला तर आईवडिलांनी रुसू नये. रेल्वेतल्या घरांना हे नवे नाही.

चौथी गोष्ट पुढच्या काळाची. पूर्वी शंभर यंत्रांवर एकच बदल करावयाचा तर माणूस शंभर वेळा तेच टंकलेखन करी. आता तो बदल एका लहानशा कार्यक्रमाने होतो. केवळ टंकलेखनावर अवलंबून असलेली कामे कमी होत जाणार, हे उघड आहे. म्हणून नेटवर्कच्या विद्यार्थ्याने 'पायथन' ही सोपी संगणकभाषा आणि 'लिनक्स' ही कार्यप्रणाली यांची ओळख करून घ्यावीच. परंतु रस्ता खोदताना यंत्राच्या पात्याने तुटलेली काचतंतूची तार कोणताही कार्यक्रम घरबसल्या सांधत नाही. ती सांधण्यासाठी उन्हात उभे राहणारा, केसासारखा बारीक तंतू स्थिर हाताने जुळवणारा माणूसच लागतो.

मुली आणि आपले गाव

मुलींना हे क्षेत्र झेपेल काय, असे विचारणाऱ्यांना मी आमच्या विद्यार्थिनीची हकिगत सांगतो आणि रेडिया पर्लमनचे नाव सांगतो. चिकाटी, टापटीप आणि शांतपणे प्रश्न विचारण्याची सवय यांवर हा व्यवसाय उभा आहे. रात्रपाळीला जाण्यायेण्याची सोय काय, याची चौकशी नोकरी घेतानाच करावी. पण भीतीपोटी दार बंद करू नये.

आणि गाव सोडावेच लागेल काय? अनेकांना सोडावे लागेल. पुणे, बंगलोर, हैदराबाद येथे मोठे काम आहे. पण आता इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस यांच्या वसाहती आहेत, आणि उज्जैन तेथून तासा-दीड तासाच्या वाटेवर. खुद्द उज्जैनची २०१६ साली स्मार्ट सिटी योजनेसाठी निवड झाली. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल लोक खुले झाले आणि यात्रेकरूंची रीघ वाढली. बँका, रुग्णालये, धर्मशाळा, शाळा, मंदिरे यांपैकी एकही संस्था आज जाळ्यावाचून चालत नाही. २०२८ साली पुन्हा सिंहस्थ आहे. लक्षावधी माणसे एका दिवशी क्षिप्रेच्या काठी उतरतात, तेव्हा चुकलेल्या म्हातारीचा शोध, गर्दीवर नजर ठेवणारे कॅमेरे, रुग्णवाहिकेला मिळणारा निरोप, हे सारे एखाद्या तारेवर अवलंबून असते. त्या तारेची निगा राखणारे हात परगावाहून आणावे लागू नयेत, एवढी तरी तयारी आपल्या मुलांनी करावी.

आरंभी पगार बेताचाच असतो. पहिली एक-दोन वर्षे शिडीवर चढणे, तार ओढणे, लोकांचे रागावलेले फोन घेणे यांत जातात. पुढे जाळ्याची आखणी, सुरक्षितता, मोठ्या संगणकगृहांची व्यवस्था अशा पायऱ्या येतात आणि मोलही वाढते. पण ज्याने शिडी टाळली, त्याला वरच्या पायरीवर उभे राहता येत नाही. 'वायरी ओढतो का?' या प्रश्नाला आपल्या मुलाने संकोच न बाळगता 'होय, आणि ती कोठे तुटली हेही मला कळते' असे उत्तर द्यावे.

पालकांना शेवटी एकच सुचवितो. या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलासमोर किंवा मुलीसमोर घरातले एखादे जुने, बंद पडलेले यंत्र ठेवा. ते विजेला जोडताना मात्र घरातले जाणते माणूस जवळ असू द्या. उलगडू द्या, बिघडवू द्या, पुन्हा जोडू द्या. दोन दिवसांत कंटाळा आला तर मुकाट्याने दुसरी वाट शोधावी; त्यात कमीपणा नाही. पण बिघाड सापडेपर्यंत मूल जेवणाची हाक ऐकेनासे झाले, तर शुल्काची आणि प्रतिष्ठेची गणिते बाजूस ठेवून त्याला या विद्येच्या वाटेला लावावे. त्याची मती आणि या विद्येची गरज एकच आहे, हे त्याने आपल्याला दाखवून दिलेले असेल.